जुन्या डेस्कटॉपला एसएसडी जोडताना

आमच्या घरचा डेस्कटॉप एच६१ चिपसेटचा (मदरबोर्डवरील नियंत्रक चिप), म्हणजे २०११ च्या सुमाराचा आहे. प्रोसेसर आणि रॅम अजून कामाला पुरत होते. मात्र विंडोज १० सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकून राहत असे आणि त्यावरूनच अडचण हार्ड डिस्कची असल्याचे स्पष्ट झाले. या चिपसेटचे साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, सेकंदाला ३ गिगाबिटचेच असल्याने साटा एसएसडीला (फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) तिचा पूर्ण वेग मिळत नाही. तरीही बदल करावाच असे माझे मत आहे, कारण फिरत्या तबकडीवर विखुरलेली छोटी फाइल शोधायला दर वेळी साधारण १० मिलिसेकंद लागतात आणि एसएसडीला त्याचा जेमतेम शंभरावा भाग पुरतो.

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत (क्लोन) एसएसडीवर घेण्यापूर्वी बायोस, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्ज, पाहिले, तर साटा मोड, म्हणजे डिस्कशी संपर्काची पद्धत, जुना आयडीई होता. तो थेट एएचसीआय या नव्या पद्धतीवर नेल्यास विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकते. म्हणून आधी एमएसकॉन्फिग या विंडोजमधील साधनातून सेफ बूट (फक्त आवश्यक ड्रायव्हरसह सुरू होणे) निवडले, संगणक पुन्हा सुरू होताना बायोसमध्ये मोड बदलला, सेफ मोडमध्ये ड्रायव्हर आपोआप बसला आणि मग सेफ बूटची खूण काढली. एकाच वेळी आलेल्या अनेक मागण्या हाताळण्याची सोय एएचसीआयमध्येच मिळते, त्यामुळे ही पायरी गाळू नये. क्लोननंतर प्रथम सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली. आता ती डिस्क फक्त फोटो साठवण्यासाठी वापरतो.