घरामागच्या डुकरांना जंत झालेत? नुसत्या डोसने भागत नाही

पहिल्या वर्षी मी दर दोन-तीन महिन्यांनी न चुकता जंताचा डोस द्यायचो, तरी पिल्लं हडकलेलीच, पोट तेवढं नगाऱ्यासारखं, केस राठ, आणि सकाळी खाऊ घालायला गेलं की खो-खो खोकायची. वाटलं औषधच बोगस. औषध बरं होतं, घोळ पायाखालच्या जमिनीत होता.

गोल जंताची मादी वीतभर किंवा जास्तच लांब असते, रोज लाखांनी अंडी घालते, ती चिकट असतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात, फिनाईलने त्यांचं फारसं काही बिघडत नाही. पोटात गेली की अळ्या यकृतातून फुप्फुसात जातात, खोकला त्याचाच.

आधी डुकराची घाण (विष्ठा) तपासून घ्या. सकाळची ताजी, अंगठ्याएवढी, डबीत भरून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यायची. पण लक्षात ठेवा, जंताची लागण झाल्यावर घाणीत अंडी दिसायला 6 ते 8 आठवडे लागतात, म्हणजे लहान पिल्लाचा रिपोर्ट क्लीन आला म्हणून ते क्लीनच आहे असं नाही.

मग वजन. अंदाजपंचे डोस देऊ नका, मी तेच करायचो. शिंप्याचा टेप घ्या, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, मग कानाच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले 69.3, हे झालं किलोत वजन. माझ्या एका मादीचा घेर 0.90, लांबी 0.95, म्हणजे साधारण 53 किलो, आणि मी तिला 40 ची समजत होतो!

औषध डॉक्टरांना विचारूनच. पोटातल्या जंतांसाठी बहुतेक वेळा फेनबेंडाझोल, खाद्यातून. चौघांना एकाच टोपल्यात मिसळून दिलं की दांडगा सगळं हाणतो आणि मरतुकड्याला काहीच मिळत नाही, म्हणून प्रत्येकाला वेगळं. खरूज पण असेल तर आयव्हरमेक्टिन, 1 टक्क्याचं इंजेक्शन, कानामागे कातडीखाली, 33 किलोला 1 मिली, खरजेला 14 दिवसांनी परत. औषध दिल्यावर किती दिवस डुक्कर कापायचं नाही ते बाटलीवर असतं, तारीख भिंतीवरच लिहून ठेवा.

आता खरं काम. ताज्या घाणीतलं अंडं लगेच लागण करत नाही, आत अळी तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्यामुळे दर एक-दोन दिवसांनी घाण उचलली तर निम्मी लढाई तिथेच. घाण खड्ड्यात नीट कुजवा, ताजी भाजीच्या वाफ्यात नको. काँक्रीटची जमीन असेल तर आधी खरवडून मग उकळतं पाणी ओता आणि कोरडी होऊ द्या. मातीचीच असेल तर वरचा थर काढून नवी माती घाला, दुसरा सोपा उपाय मला तरी सापडला नाही.

गाभण मादीला व्यायच्या 10 ते 14 दिवस आधी डोस, आणि स्वच्छ जागी हलवताना कोमट पाणी-साबणाने तिची आचळं घासून धुवा. अंडी तिथेच चिकटलेली असतात, पिल्लू दूध पितं ते अंड्यांसकट. पिल्लांना पहिला डोस साधारण 6 ते 8 आठवड्यांचं झाल्यावर.

एक जंत मात्र डुकराला माणसाकडून मिळतो, फीतकृमी. गोव्यात जुन्या घरांत संडासाखालीच डुक्कर असायचं, त्याचं कारण उघडं आहे पण धोकाही तोच, फीतकृमी असलेल्या माणसाची विष्ठा डुकराने खाल्ली की त्याच्या मांसात गाठी होऊ शकतात. त्यामुळे डुक्कर मोकाट सोडू नका, घरात संडास असलाच पाहिजे. मांस कापताना भिजलेल्या साबुदाण्यासारखे फोड दिसले तर ते विकू नका, खाऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि घरात कुणाच्या संडासातून पांढऱ्या चपट्या तुकड्यांसारखं काही पडत असेल तर त्यालाही दवाखान्यात न्या, कारण त्या तुकड्यांत फीतकृमीची अंडी असतात, ती माणसाच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूत जाऊन फिट्स येऊ शकतात.