क्रँकशाफ्ट सेन्सरचे निदान करताना या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढे गेला की पुणे महामार्गावरून आलेल्या गाड्यांची एक तक्रार ठरलेली असते. मोहोळपर्यंत विनातक्रार धावलेली गाडी चहासाठी बंद केल्यावर सुरूच होत नाही. सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही, आणि अर्ध्या तासाने तीच गाडी एका फेरीत सुरू होते. अशा वेळी क्रँकशाफ्ट सेन्सरवर संशय घेणे योग्यच आहे, कारण क्रँकशाफ्टसोबत (इंजिनाच्या मुख्य दांड्यासोबत) फिरणाऱ्या दातेरी चकतीवरून इंजिनाचा वेग आणि स्थिती तोच ईसीयूला, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला, कळवतो व त्या संकेताशिवाय बहुतेक गाड्यांत ठिणगीही पडत नाही आणि इंधनही फवारले जात नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गाडी थंड झाल्यावर सेन्सर तपासून तो चांगला असल्याचा निर्वाळा देणे. सेन्सरमधील कॉइलची बारीक तार किंवा तिचा जोड तापल्यावरच तुटक होतो; गार होताच संपर्क पुन्हा जुळतो आणि मल्टिमीटर निर्दोष आकडा दाखवतो. म्हणून गाडी बंद पडलेली असतानाच स्कॅनर (ईसीयूमधील माहिती वाचणारे यंत्र) जोडून सेल्फ मारावा आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, पाहावा. सेल्फ जोमाने फिरत असूनही आकडा शून्यावरच राहिला, तर संकेत ईसीयूपर्यंत पोहोचत नाही. तो दोनशेच्या आसपास स्थिर दिसत असेल, तर सेन्सर सोडून आधी इंधनपंप आणि इग्निशन कॉइल पाहावी.

स्कॅनरवर पी०३३५ हा क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटचा बिघाड-कोड दिसताच नवा सेन्सर मागवणे ही दुसरी चूक होय. हा कोड सर्किटमधील बिघाड सांगतो, सुटा भाग खराब असल्याचे नव्हे. उंदरांनी कुरतडलेली वायर, तेल झिरपून खराब झालेला कनेक्टर किंवा चकतीचा तुटलेला दात यांमुळेही तो येतो. इंजिन चालू ठेवून, पंखा आणि पट्ट्यांपासून हात दूर ठेवत, वायरिंग हलक्या हाताने हलवावे. इंजिन अडखळले तर दोष तिथेच शोधावा. कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेमची, म्हणजे बिघाडाच्या क्षणी ईसीयूने साठवलेल्या आकड्यांची, नोंद करून ठेवावी, कारण पुसल्यावर ती माहिती परत मिळत नाही.

दोन तारांचा सेन्सर बहुधा चुंबकीय असतो आणि त्याचा विद्युत रोध ओहममध्ये मोजता येतो. तीन तारांचा सेन्सर मात्र बहुतेकदा हॉल प्रकारचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला आणि बाहेरून वीजपुरवठा लागणारा असतो. त्याचा रोध मोजून काही कळत नाही, उलट तो निकामी होण्याचा धोका असतो. इग्निशन चालू करून त्याला वीजपुरवठा आणि अर्थिंग मिळते का, हे तपासावे. तिसरी तार काही चुंबकीय सेन्सरमध्ये केवळ बाहेरचा विद्युत गोंधळ रोखणाऱ्या आवरणाची असते, त्यामुळे वायरिंगचा नकाशा पाहिल्याशिवाय प्रकार ठरवू नये.

बॅटरी उतरलेली असताना सेल्फ संथ फिरतो आणि चुंबकीय सेन्सरचा संकेत आपोआपच क्षीण होतो, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. सेन्सर खरोखरच बदलावा लागला, तर बसवण्यापूर्वी त्याची जागा पुसून घ्यावी आणि चकतीपासूनचे अंतर कंपनीच्या मापाप्रमाणे ठेवावे. काही गाड्यांत त्यानंतर स्कॅनरद्वारे रीलर्न केल्याशिवाय, म्हणजे नव्या सेन्सरची ओळख ईसीयूला करून दिल्याशिवाय, चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागतो.