रोज पसाभर निघणारी भाजी साठवायची कशी

घरच्या बागेत भाजी एकदम निघत नाही. आज पाव किलो फरसबी, परवा चार टोमॅटो, मग एखाद्या आठवड्यात सगळं एकाच वेळी अंगावर येतं. म्हणून साठवणीची रीत अशी निवडावी की रोज थोडी थोडी भर घालता येईल. पाच किलो माल एकदम लागणाऱ्या कृतीच्या नादी लागू नये. पाच किलो जमेपर्यंत पहिला किलो सुकून जातो.

तोडणी सकाळी, दव वाळल्यावर पण ऊन चढायच्या आत करावी. दुपारी तोडलेली भाजी तापलेली असते आणि तापलेली भाजी लवकर उतरते. ओढून तोडू नका, कात्रीने देठासकट कापा. घरात आणल्याबरोबर निवड करा: किडलेली, चिरलेली, चेपलेली भाजी त्याच दिवशी शिजवायची. साठवणीत जाणारं प्रत्येक फळ धड हवं, कारण एक नासलेला कांदा शेजारच्यांनाही घेऊन जातो.

फ्रिज सगळ्यांना मानवत नाही. भेंडी, वांगी, काकडी आणि ढोबळी मिरची यांना 7 ते 12 अंश बरे वाटतात. 4 अंशांच्या फ्रिजमध्ये काही दिवसांत सालीवर खड्डे पडतात, काकडी पाणचट होते, वांग्याच्या बिया काळवंडतात. या भाज्या फ्रिजच्या कमी गार भागात ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. टोमॅटो बाहेरच, देठाची बाजू खाली करून, एका थरात ठेवा. देठाच्या जागेतूनच ओल बाहेर जाते आणि बुरशी आत शिरते. पिकत्या टोमॅटोतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पालेभाजी आणि काकडी पिवळी पडते, त्यामुळे त्यांना एकत्र ठेवू नका. गाजर, मुळा, बीट यांचा पाला लगेच कापा, दोनेक सेंटीमीटर देठ राहू द्या. पाला तसाच ठेवला तर तो कंदातली ओल शोषतो आणि दोन दिवसांत गाजर वाकायला लागतं. पालेभाजी न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा.

कांदा-लसूण काढल्यावर सावलीत, वारं खेळेल अशा जागी दोन ते चार आठवडे वाळू द्या. कांद्याची मान चिमटीत दाबून पाहा: आत ओलसर, घसरतं काही लागलं तर तो टिकणार नाही, आधी वापरा. बटाटे अंधारात दहा-बारा दिवस ठेवले की साल घट्ट होते; उजेड लागला तर ते हिरवे होतात, त्यांच्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढतं. कांदे आणि बटाटे एका टोपलीत नकोत. लाल भोपळा पाच-सात सेंटीमीटर देठासकट कापा, दहा दिवस उबदार जागी ठेवा, मग कोरड्या, थंडशा जागी तो दोन-तीन महिने सहज राहतो. देठाला धरून उचलला आणि देठ निघाला, की तिथूनच सड सुरू होते.

थोड्या थोड्या मालासाठी फ्रीझर सगळ्यात सोयीचा. मात्र बहुतेक भाज्या आधी उकळत्या पाण्यातून काढाव्या लागतात, म्हणजे ब्लांचिंग. भाजीतली एन्झाइम, म्हणजे चव-रंग बदलवणारी तिच्यातलीच द्रव्यं, -18 अंशांनाही मंद गतीने काम करत राहतात. ती उकळत्या पाण्याने थांबवली नाहीत तर दोन-तीन महिन्यांत फरसबीला वाळक्या गवतासारखी चव येते. 250 ग्रॅम भाजीला किमान 2 लिटर खळखळतं पाणी घ्या. भाजी टाकल्यावर मिनिटभरात पाणी परत उकळलं पाहिजे. नाही उकळलं तर भाजी जास्त झाली. वेळ पुन्हा उकळी आल्यापासून मोजायची: मटार दीड-दोन मिनिटं, पालक दोन, फरसबी, फ्लॉवर आणि कोवळी भेंडी तीन. तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात गार करा, निथळा, कापडावर पूर्ण कोरडी करा. इथेच बहुतेकांची घाई होते: ओली भाजी पिशवीत गेली की तिचा एक दगड होतो. ताटात एका थरात पसरून तास-दोन तास गोठवा, मग पिशवीत भरा आणि हवा काढा. असं केलं की रोज त्याच पिशवीत भर घालता येते आणि हवी तेवढी मूठभर काढताही येते. पिशवीवर पहिल्या दिवसाची तारीख लिहा. चव 8 ते 12 महिने चांगली राहते.

टोमॅटोला एवढा खटाटोप नको. धुऊन, पुसून, देठाची जागा कापून अख्खे गोठवा. वापरताना नळाखाली धरले की साल हातात येते. ते मऊ पडतात, म्हणून फक्त शिजवायला. ढोबळी मिरची आणि कांदाही चिरून तसेच गोठतात.

वाळवायला काप 3 ते 6 मिलिमीटरचे, सगळे सारखे करा. ड्रायरचं तापमान 50 ते 60 अंश ठेवा. वाढवलं तर बाहेरून कडक कवच धरतं, आत ओल अडकते आणि महिन्याने बुरशी दिसते. उन्हात वाळवताना रात्री घरात आणा, दवाने दिवसभराचं काम फुकट जातं. भाजी कडकडीत मोडली पाहिजे; मिरचीच्या बिया आत खुळखुळायला हव्यात. गार झाल्यावर काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवा. काचेवर बाष्प दिसलं तर परत वाळवा.

कोबी जास्त झाला तर बारीक चिरून किलोला 20 ते 25 ग्रॅम मीठ चोळा. पाणी सुटलं की बरणीत दाबून भरा आणि वर वजन ठेवा. कोबी पाण्याखाली बुडालेला राहिला पाहिजे. 18 ते 22 अंशांना तीन-चार आठवडे लागतात, उकाड्यात लवकर आंबतो आणि मऊही पडतो. वर पातळ पांढरी साय आली तर काढून टाका. केसाळ, रंगीत बुरशी आली तर अख्खी बरणी फेका.

एका बाबतीत मात्र अंदाजाने काम करायचं नाही. फरसबी, मटार, गाजर अशा कमी आंबट भाज्या नुसत्या उकळून, हवाबंद बरणीत भरून बाहेर ठेवू नका. सामू (pH, आंबटपणाचं माप; आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी) 4.6 च्या वर असेल तर तिथे बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू विष तयार करू शकतात आणि त्यांचे बीजाणू 100 अंशांना मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली 116 ते 121 अंश आणि खास कॅनर, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवायचं भांडं, लागतो. रोजचा कुकर लवकर तापतो, लवकर निवतो, म्हणून तो चालत नाही. टोमॅटोचा सामूही काठावरचा असतो. चिरलेला टोमॅटो उकळून बरणीबंद करायचा असेल तर लिटरला दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस किंवा अर्धा छोटा चमचा सायट्रिक ॲसिड घाला आणि बंद बरणी 45 मिनिटं पाण्यात पूर्ण बुडवून उकळवा. 300 मीटरपेक्षा उंच गावात वेळ वाढवावी लागते. तेलात घातलेला कच्चा लसूणही याच धोक्यात मोडतो: फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा, नाहीतर गोठवा.