सगळं बरं चाललंय का, हे मोजायचं कसं?

उत्पन्न वाढलं की लोकांचं बरं चाललंय असं आपण धरूनच चालतो, पण राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत बसवणाऱ्या सायमन कुझनेट्सनेच १९३४ साली बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांचं कल्याण ठरवू नका. मग कळणार कसं? विचारायचं, सरळ लोकांनाच.

सुरुवात शिडीपासून करा. ० ते १० पायऱ्या, वरच्या टोकाला तुम्हाला मिळू शकेल असं चांगल्यात चांगलं आयुष्य, तळाला वाईटात वाईट, आज तुम्ही कितव्या पायरीवर? वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट या दरवर्षीच्या अहवालात देशांचे क्रमांक याच प्रश्नावर ठरतात. हा प्रश्न आधीच घ्या हं, कारण पाणी-कचऱ्याच्या तक्रारी काढून झाल्यावर विचारलात तर माणूस त्याच रागात पायरी सांगतो. ब्रिटनमध्ये २०११ पासून चार प्रश्न विचारतात, त्यातले दोन काल किती आनंदी होतात आणि काल किती टेन्शन होतं असे आहेत, आणि तो ‘काल’ मला फार आवडतो, ‘हल्ली कसं वाटतं’ म्हटलं की लोक ठोकून देतात, काल मात्र आठवतो.

मग ठोस गोष्टी: झोप किती तास, कामाचे तास किती, रात्री एकटं बाहेर पडायला भीती वाटते का, अडीनडीला हाक मारावी अशी माणसं किती. सगळे घरचे समोर बसलेले असताना विचारलं तर ‘मस्त चाललंय’ एवढंच ऐकू येतं, म्हणून प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी द्या, नाव न लिहिता, आणि एका घरातून एकच चिठ्ठी घेऊ नका, नाहीतर दरवेळी ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत येणार.

आता खरी गोची, सरासरी. पाच जण ९ वर आणि पाच जण ३ वर, सरासरी आली ६, आणि ६ वर एकही माणूस नाही! त्यापेक्षा ४ च्या खाली किती जण आहेत ते मोजा आणि ते कशात अडकलेत ते बघा. भूतानमध्ये लोकांचा आनंद मोजताना आयुष्याची ९ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक, म्हणजे मोजायच्या बाबी, धरतात, त्यात झोपसुद्धा येते, आणि निदान ६६ टक्के बाबतींत पुरेसं असेल तरच माणूस आनंदी धरतात, उरलेल्यांना नेमकं काय कमी पडतंय ते वेगळं काढतात. आपल्याला ३३ नकोत, आठ-दहा प्रश्न पुरेत.

पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच शब्दांत परत विचारा. प्रश्न ‘सुधारायचा’ मोह होतो, पण एक शब्द बदलला तरी तुलना गेलीच म्हणून समजा.