मोफत ऑनलाइन कोर्स: नाव नोंदवण्यापासून प्रमाणपत्र हातात येईपर्यंत

कोर्स निवडताना विषयाचं आकर्षक नाव सगळ्यात शेवटी बघा. आधी तीन गोष्टी तपासा: पातळी कोणती, एकूण तास किती आणि शेवटी तुम्हाला श्रेयांक (पदवीसाठी मोजले जाणारे क्रेडिट) हवेत की फक्त विषय समजून घ्यायचा आहे. या तिसऱ्या प्रश्नावर कुठल्या संकेतस्थळावर जायचं ते ठरतं.

कॉलेजच्या गुणपत्रिकेत श्रेयांक हवे असतील तर केंद्र सरकारचं 'स्वयम्'. इतिहास आणि समाजशास्त्र मुळापासून वाचायचं असेल तर ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं 'ओपनलर्न'. 1969 साली स्थापन झालेल्या या मुक्त विद्यापीठाने ते 2006 मध्ये सुरू केलं. भौतिकशास्त्र, गणित यांची गणितं सोडवून हात बसवायचा असेल तर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचं 'एमआयटी ओपनकोर्सवेअर'. तिथे खातं काढावं लागत नाही, प्रमाणपत्रही मिळत नाही. मात्र बऱ्याच विषयांचे सरावसंच आणि जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह मिळतात. तिथला पहिला सरावसंच व्याख्यानांआधीच सोडवून बघा. निम्मी गणितं अडली तर त्या कोर्ससाठी जो पूर्वअभ्यास सांगितलेला असतो तो आधी करा. नाहीतर तिसऱ्या-चौथ्या व्याख्यानाला गाडी अडतेच.

ओपनलर्नवर प्रत्येक कोर्सच्या पानावर तास आणि पातळी दिलेली असते. पहिला कोर्स प्राथमिक पातळीचाच घ्या, विषयाची पदवी असली तरी. या पातळीवर पुरावा कसा वाचायचा, आलेखातून काय काढायचं, युक्तिवाद कसा मांडायचा हे शिकवलं जातं आणि पुढच्या पातळ्या ते येतं असं गृहीत धरतात. 24 तासांचा कोर्स म्हणजे आठवड्याला 3 तास धरून 8 आठवडे. इंग्रजी वाचनाचा सराव नसेल तर तोच 36 तासांचा धरा आणि 12 आठवड्यांत बसवा. एका वेळी एकच कोर्स.

ओपनलर्नचा मजकूर खातं न काढताही वाचता येतो, आणि नेमकी इथेच पुष्कळांची फसगत होते. लॉगिन करून त्या कोर्समध्ये नाव नोंदवलं नसेल तर वाचलेलं कुठेही नोंदलं जात नाही. सहभागाचं मोफत प्रमाणपत्र मिळायला सगळी पानं लॉगिन असताना उघडलेली लागतात. पीडीएफ किंवा ईपब उतरवून घरी वाचलं तर अभ्यास होतो, पण ती पानं मोजली जात नाहीत. नेट कमी असेल तर फाइलवर वाचा आणि आठवड्यातून एकदा तेवढी पानं संकेतस्थळावर उघडा. बॅज (डिजिटल बिल्ला) देणाऱ्या कोर्समध्ये याशिवाय क्विझही असतात. त्यात किमान 50 टक्के गुण लागतात. कमी पडले तर 24 तास थांबून पुन्हा देता येते. या प्रमाणपत्राला विद्यापीठाचे श्रेयांक नसतात, त्यामुळे कॉलेजात ते दाखवून उपयोग नाही.

ओपनलर्नच्या मजकुरात मधूनमधून प्रश्न येतात आणि उत्तर एका बटणामागे झाकलेलं असतं. ते बटण दाबण्यापूर्वी वहीत दोन-चार ओळी लिहा, मराठीत लिहिल्या तरी चालेल. या कोर्सचा खरा कस याच जागी आहे. उत्तर आधी वाचलं की सगळं आपल्याला येतच होतं असं वाटतं, आणि क्विझमध्ये उघडं पडतं.

स्वयम् वरच्या एनपीटीईएल (आयआयटी आणि आयआयएससी यांचा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम) कोर्सचं वेळापत्रक पक्कं असतं: सत्रं जानेवारीत आणि जुलैत, कोर्स 4, 8 किंवा 12 आठवड्यांचे. शिकणं मोफत, प्रमाणपत्राची परीक्षा सशुल्क आणि केंद्रावर जाऊन द्यायची. कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नाव नोंदवलं असं नाही, तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो. त्यात नाव ओळखपत्राप्रमाणेच लिहा, तेच प्रमाणपत्रावर छापलं जातं.

गुणांची विभागणी अशी: आठवड्याच्या असाइनमेंटला 25 आणि परीक्षेला 75. 8 आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम 6 असाइनमेंट धरतात, 12 आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम 8. उत्तीर्ण व्हायला असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30 असे दोन्ही लागतात. असाइनमेंटमध्ये 24 आणि परीक्षेत 28 मिळाले तर बेरीज 52 होऊनही प्रमाणपत्र हुकतं. म्हणून वगळल्या जाणाऱ्या असाइनमेंटची सवलत पहिल्याच आठवड्यांत उधळू नका, ती घरच्या कार्यासाठी किंवा आजारपणासाठी राखा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् वरून घेता येतात. पण तुमचं कॉलेज नेमका तो कोर्स मान्य करतं का, हे नोंदणीआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी होकार निकालाच्या वेळी कामाला येत नाही.

इंग्रजी संज्ञा अडली की सरळ शब्दकोशाकडे धावण्याऐवजी मराठी विश्वकोशात त्या विषयाची नोंद वाचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत उभा केलेला हा कोश आता ऑनलाइन मोफत आहे. अर्थासोबत संकल्पनेची पार्श्वभूमीही मिळते, विशेषतः इतिहास आणि विज्ञानाच्या नोंदींत. विज्ञानातली आकडेवारी मात्र कोर्समधलीच घ्या, कोशाचे बरेच खंड जुने आहेत.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. ओपनलर्न आणि एमआयटी यांचा बहुतांश मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्यावर आहे की मूळ संस्थेचा उल्लेख करून, पैसे न घेता आणि तोच परवाना पुढे ठेवून त्याचा मराठी अनुवाद वर्गात वाटता येतो. चित्रं, नकाशे आणि उतारे कधीकधी तिसऱ्याच कुणाचे असतात; ओपनलर्नवर कोर्सच्या शेवटी असलेल्या ऋणनिर्देशाच्या पानावर ते तपासा आणि परवानगी नसलेलं चित्र गाळून टाका.