तेल्या म्हणावं की करपा? इंटरनेटवर नेमकं कसं शोधावं

सांगोल्याहून मामांचा फोन आला. "डाळिंबावर डाग पडलेत बघ, मोबाइलवर किती शोधलं तरी काय सापडंना." त्यांनी शोधलं होतं, "माझ्या झाडाला काय झालंय?" आता गूगलला मामांचं झाड कुठून दिसणार?

म्हणून पहिली पायरी: प्रश्न विचारू नका, डोळ्यांना दिसतं ते लिहा. पीक, भाग, लक्षण. "डाळिंब फळ तेलकट डाग भेगा". चार-पाच शब्द पुरतात.

दुसरी पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. पहिल्या शोधात उत्तर मिळेलच असं नाही. तिथून शब्द उचलायचा. आम्हाला "तेल्या" मिळाला. हा शेतकऱ्यांचा शब्द, त्यामुळे तो टाकला की शेतकऱ्यांचे व्हिडिओ जास्त येतात. पुस्तकी नाव जिवाणूजन्य करपा. ते टाकलं की कृषी सल्ल्याचे लेख पुढे येतात. "बॅक्टेरियल ब्लाइट" इंग्रजी अक्षरांत टाकलं की संशोधनाचे कागद दिसू लागतात. रोग एकच, पण नाव बदललं की समोरची पानं बदलतात. तिन्ही नावांनी शोधाच.

मग चाळणी लावा. शब्द त्याच क्रमाने हवे असतील तर दुहेरी अवतरणचिन्हांत घाला. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह द्या, मध्ये जागा न सोडता. "सोलापुरी चादर इतिहास" शोधताना दुकानंच येत असतील, तर पुढे "-किंमत" जोडून बघा.

औषधाची मात्रा मात्र कुणाच्याही पानावरून उचलू नका, पीक हातचं जाईल. आपल्या सोलापुरातच, केगावला, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. इंग्रजीत "साइट" लिहून, अपूर्णविराम (एकाखाली एक दोन टिंबं) देऊन, जागा न सोडता त्यांच्या संकेतस्थळाचा पत्ता जोडा, म्हणजे फक्त तिथलीच पानं येतील. जुना सल्ला नको असेल तर शोधसाधनांतून "मागील वर्ष" निवडा.

मामांना मी एवढंच विचारलं, "फळावरची भेग एल किंवा वाय या अक्षरासारखी आहे का, बघा." पाच मिनिटांत फोटो आला. भेग वायसारखीच होती, म्हणजे तेल्याचीच खूण. मग आम्ही तिसऱ्यांदा शोधलं: "डाळिंब तेल्या रोगट फांद्या छाटणी".