वर्गात प्रोजेक्टर लावताय? मग या चुका टाळा

शिकवताना टेक्नॉलॉजी वापरायची म्हटलं की लोक आधी ॲप शोधतात. कुठलं फ्री आहे, कुठलं सोपं आहे, सगळी चौकशी होते, पण ते उघडून मुलांना नेमकं काय विचारणार असं म्हटलं की गप्प. मी विज्ञान शिकवतो, यातल्या बहुतेक चुका स्वतः करून झाल्यात, म्हणून जरा वैतागूनच लिहितोय.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे घरी बनवलं आणि थेट वर्गात उघडलं. मी प्रकाशसंश्लेषणावर दोन रात्री जागून स्लाइड्स केल्या होत्या, माझ्या कॉम्प्युटरवर एकदम झकास दिसत होत्या. वर्गातल्या मशीनवर उघडल्या तर मराठीचा पत्ताच नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेले स्वर आणि मधूनच डॉलरची खूण. पहिल्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "सर, व्हायरस आला का?" व्हायरस कसला, मीच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजीचीच अक्षरं असतात, फक्त दिसायला मराठी, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर सगळा बट्ट्याबोळ. उरलेला तास खडूवर काढला आणि खरं सांगू, तास बरा झाला. तेव्हापासून माझी सवय अशी की स्लाइडवरची एक ओळ कॉपी करून स्वतःलाच मोबाइलवर मेसेज करायची, तिथे मराठी नीट वाचता आली तर ते युनिकोड आहे, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारं टायपिंग. शिवाय एक पीडीएफ काढून ठेवतो, ॲनिमेशन जातं पण अक्षरं हलत नाहीत. (तसंही उड्या मारत येणाऱ्या अक्षरांनी कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.)

आवाज येत नसेल तर केबल ओढू नका. प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल लावली की आवाज बऱ्याचदा प्रोजेक्टरकडे वळतो, साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पीकर बदला. चित्र येत नसेल तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट निवडा. अक्षरांचा आकार शेवटच्या बाकावर स्वतः बसून ठरवा. आणि स्लाइडवरचंच वाक्य मोठ्याने वाचून दाखवू नका, मुलांना वाचता येतं.

आता व्हिडिओ. बावीस मिनिटांचा व्हिडिओ लावायचा, दिवे बंद, आपण कोपऱ्यात हजेरी भरत बसायचं, याला शिकवणं म्हणत नाहीत. २०१४ साली एडेक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या साइटवरच्या चार कोर्समधल्या जवळपास ६९ लाख व्हिडिओ सेशन्सचा अभ्यास झाला होता, त्यात व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढे फारसे टिकत नव्हते, आणि ते तर आपणहून कोर्सला बसलेले लोक. आपली पोरं दुपारच्या तासाला किती टिकणार? मी तीन-चार मिनिटांचा तुकडा घेतो, मध्येच थांबवतो, आणि पुढे काय होईल ते वहीत लिहायला लावतो. चिडतात, पण जागी राहतात.

सिम्युलेशनचं, म्हणजे स्क्रीनवर करून बघायच्या प्रयोगांचं, तर त्याहून वाईट चाललंय. अशा प्रयोगांचं कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट २००२ पासून चालू आहे, फुकट आहे, चांगलंच आहे, पण नवीन शिक्षक ते उघडून "बघा, खेळा" म्हणून मोकळे होतात. मग मुलं वायर जोडून बॅटरी पेटवून देतात (पेटते खरंच) आणि तास संपतो. मी सर्किटचं उघडायच्या आधी फळ्यावर एकच प्रश्न लिहितो: एका बल्बच्या पुढे एकसरीत तसाच दुसरा जोडला तर कुठला जास्त उजळेल? वर्गातली निम्मी पोरं छातीठोकपणे सांगतात की पहिला, कारण दुसऱ्याला उरलेला करंट मिळतो. मग जोडून बघायचं. दोन्ही सारखेच मंद, आणि वायरमधले निळे ठिपके सगळीकडे एकाच वेगाने चाललेले, आधीपेक्षा हळू. त्या क्षणी जी कुजबुज सुरू होते ना, तेवढ्यासाठी तो प्रोजेक्टर लावायचा. आधी लिहून घेतलं नसेल तर सगळेच म्हणतात, आम्हाला माहीतच होतं.

क्विझ ॲपमध्ये वेगाला मार्क देत असाल तर टायमर बंद करा किंवा वाढवा, नाहीतर विचार करणारं पोर हरतं आणि तुक्के मारणारं जिंकतं. एआयकडून प्रश्न काढून घेताय तर उत्तरं स्वतः सोडवून बघा, आयता शॉर्टकट वर्गासमोर तोंडावर आपटवतो.

राहिली लिंक. गूगल फॉर्म किंवा ड्राइव्हची फाइल आपल्याला उघडते म्हणजे सगळ्यांना उघडते असं नाही, आपण मालक असतो. मी एकदा रात्री नोट्सची लिंक टाकून निवांत झोपलो, सकाळी मेलमध्ये परवानगी मागणाऱ्या बेचाळीस रिक्वेस्ट. आता लिंक पाठवायच्या आधी इनकॉग्निटो विंडोत (जिथे आपलं लॉगिन नसतं) उघडून बघतो, दहा सेकंद लागतात. तरी एक मुलगा अजून दर वेळी विचारतोच, "सर, ओपन होईल ना?"